ओळीच्या आधीची झील

दुपारचं जेवण अंगावर आलंय. गेनबा चटईवर आडवा झालाय, पण झोप काही सरळ येत नाही. दारातून डोकावते आणि परत जाते. उशाशी डफ आहे. मंजुळाक्का गेल्यापासून तो खुंटीवरच होता, आज खाली काढला. टिचकी मारली तर भद्द! पावसाळी हवेनं कातडं पार ढिलं पडलंय.

बाहेर ओट्यावर त्याची बायको हौसा सुपात पानं घेऊन विड्या वळते आहे. संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर विडीवाल्या बायकांचं धरणं आहे. शाहीर मंजुळाक्काचं गाणं गेनबानंच म्हणायचं, असं सगळ्याजणींनी परस्पर ठरवून टाकलंय. अहो, पण गेनबा झीलकरी! उभा जन्म अक्काच्या मागं राहून त्यानं 'जी जी रं जी' केलं. पुढची ओळ कधी म्हटलीय? शिवाय तो थकलाय. तेच गेट, तीच मागणी, बायका तेवढ्या म्हाताऱ्या झाल्या.

"मला ताप आलाय म्हणून सांग त्यांना," तो डोळे मिटूनच म्हणतो.

"तुमच्या तोंडानं सांगा," हौसा म्हणते. अक्काच्या कलापथकानं आपला नवरा गावोगाव पळवला, हा तिचा जुना राग.

"डफ शेकलास का रं?"

हा आवाज हौसाचा नाही. उंबऱ्यात मंजुळाक्का बसली आहे, पदर खोचून. समोर कागद पेटलेत आणि त्यांच्या धगीवर तिनं डफ धरलाय. ती मेली आहे हे दोघांनाही ठाऊक आहे, पण तो विषय काढायचा कुणी?

"शेकून काय करू, अक्का? वाजवणार कोण?"

"आता हात भाजत न्हाईत बघ," ती म्हणते. "तेवढंच एक सुख."

गेनबा उठून ओट्यावर येतो, तर तिथं गेट आहे. गेटच्या आत कारखाना नाही, अक्का शेवटी जिथं होती तो दवाखान्याचा वॉर्ड आहे. खाटाखाटांवर बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्यात आणि सगळ्या त्याच्याकडं बघतायत. अक्का त्याच्या हातात डफ देते. तो तोंड उघडतो.

"जी जी रं जी!"

अक्का खोकला येईस्तोवर हसते. "आरं गाढवा, ओळीच्या आधीच झील? कुणाला जी म्हणतोस, भिंतीला?"

बायकाही हसतात. गेनबाला रडू यायचंच बाकी राहतं.

"अक्का, मी दमलोय गं. एवढं गायलो, हाती काय लागलं? तू सुटलीस."

"मी काय कमी दमले हुते?" ती खाटेच्या कडेला टेकते. "ओळ संपता संपता माझा दम पार जायचा. तू मागनं झील धरायचास, तेवढ्यात मी श्वास घ्यायची. लोकांना वाटायचं, शाहीर ठेक्याला थांबलीय."

"हे कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते तर डोक्यावर चढून बसला असतास."

गेनबाला हसू येतं. "मग माझ्या श्वासाचं काय? माझ्या मागं कोण आहे?"

"हाय की."

"कोण?"

"तू ओळ तर म्हण! त्याबिगर कसं कळायचं?"

तो मागं वळून बघतो. नुसता कागदाचा धूर आहे.

डोळे उघडतात तेव्हा ओट्यावर ऊन पडलंय. उंबऱ्यात कुणी नाही. त्याचा तळहात डफावर आहे आणि डफ गरम आहे. तो टिचकी मारतो. टण्ण!

"हौसा, डफ तू शेकलास?"

"माझे हात मोकळे दिसतायत का तुम्हाला? चूल कधीच विझलीय."

गेनबा भिंतीला टेकून बसतो. नुसतं करून बघू म्हणून हलक्या आवाजात अक्काची ओळ धरतो: "पान आमचं, दोरा आमचा, धूर कुणाचा गं…" ओळ लांब आहे. शेवटाला येता येता छाती रिकामी होते, गळा बसतो. संपलं, असं त्याला वाटतं.

ओट्यावर हौसाचे हात थांबत नाहीत. ती मानही वर करत नाही.

"जी जी रं, जी रं जी," ती म्हणते. सूर जरा बाजूलाच पडतो.

तेवढ्यात गेनबा श्वास घेतो.