सहा फूट तीन इंचांचं स्थळ

माझी मुलगी अमेरिकेतून दर रविवारी सकाळी फोन करते. तो फोन येत राहावा म्हणून मी साठी उलटल्यावर अमेरिकन फुटबॉल शिकलो. या खेळात पायाचा आणि बॉलचा संबंध फार थोडा, जवळजवळ सगळं हातानं चालतं, तरी त्याला फुटबॉल म्हणतात. यावर मी सुरुवातीला बरीच चिडचिड केली. मग सोडून दिली, कारण ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

त्याआधी आम्हा बापलेकीत बोलायला विषयच उरला नव्हता. ती तिकडे पीएचडीला गेली आणि मी उत्साहाच्या भरात तिला एकामागून एक स्थळं पाठवत सुटलो. एक दिवस तिनं फोन करणंच बंद केलं. पुष्कळ दिवसांनी पुन्हा केला तो अट घालूनच. "बाबा, फिर से शादी की बात की ना, तो फोन बंद. हमेशा के लिए." आमची लेक लखनौत वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. मी अट मान्य केली. मग बोलायला उरलं काय? तिकडे थंडी किती, इकडे धुकं किती, जेवलीस का. अशात एका रविवारी ती तिच्या विद्यापीठाची मॅच बघून आली आणि तासभर बोलत राहिली. मला ओ की ठो कळलं नाही, पण पोरगी तासभर बोलली! मी त्याच दुपारी नियम वाचायला घेतले.

या वेडात मला जोडीदार मिळाला तो इथं लखनौत, विकास नगरच्या आमच्याच सेक्टरात. हे गृहस्थ कोल्हापूरकडचे. एअर फोर्समधून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, शेवटचं पोस्टिंग लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावर होतं, आणि इथंच घर घेऊन राहिले. त्यांचा मुलगाही त्याच विद्यापीठात शिकतो. सगळे त्यांना वॉरंटसाहेब म्हणतात. रोज सकाळी पार्कात फेऱ्या मारून झाल्या की आम्ही उन्हातल्या बाकावर बसतो आणि आमच्या टीमची काळजी करतो.

त्या हिवाळ्यात काळजीचं कारण मोठं होतं. या खेळात सगळी मदार क्वार्टरबॅकवर. बॉल कुणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. आमचा क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षाला होता, म्हणजे नवा शोधणं आलं. तो शोधायची तिकडची रीत मी वॉरंटसाहेबांना समजावून सांगितली. कोच शाळकरी पोराच्या घरी जातो. सोफ्यावर बसतो, पोराचं कौतुक करतो, आईच्या हातचं खाऊन वाहवा करतो. पोराच्या नावापुढे तारे असतात, पाच तारे म्हणजे सर्वोत्तम. मग पोरगा तोंडी हो म्हणतो. तेवढ्यात दुसरीकडून बोलावणं येतं आणि तो हो फिरवतो. सही होईपर्यंत कशाचा भरवसा नाही.

वॉरंटसाहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे हे स्थळच की ओ!"

झालं, तिथून आमची भाषा ठरली. कोच घरी गेला की बघण्याचा कार्यक्रम. तोंडी हो म्हणजे होकार. सही झाली की सुपारी फुटली. इतकी चपखल भाषा त्या अमेरिकनांनाही सापडली नसेल, याचा आम्हाला अभिमान होता.

"टेक्सासच्या स्थळाचं काय झालं?" वॉरंटसाहेब विचारायचे.

"होकार आहे. पण आई अडून बसलीय. मुलगा जवळच राहायला हवा म्हणते."

"उंची किती म्हणाला?"

"सहा फूट तीन."

"तारे?"

"चार. पाचवा गुडघ्यापायी गेला. मागच्या वर्षी मोडला होता."

"असू दे. सतरा वर्षांचं पोर हाय, भरून येतंय. आणि घेरलं की पळतंय बी झकास."

"पण आधी दोन ठिकाणी होकार देऊन मोडलंय त्यानं."

"मोडू दे की. आपल्याकडं टिकंल."

मला मात्र त्या आईचा भयंकर राग यायचा. पोराचं आयुष्य घडतंय आणि ही बाई पदर पसरून दारात उभी! मी तिला रोज सकाळी, उन्हात बसून, मनसोक्त शिव्या घालत असे.

आमच्या मागच्या बाकावर समोरच्या घरातल्या भाभीजी स्वेटर विणत बसत. वर्षानुवर्षांचा शेजार, त्यामुळे मराठी थोडंथोडं कानावर पडून त्यांना समजायचं. 'मुलगा' समजायचं, 'उंची' समजायचं. 'होकार' समजला नाही म्हणून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. बायको कणीक मळत होती. ती वर न बघता म्हणाली, "शादी के लिए हाँ कहना."

दुसऱ्या दिवशी भाभीजी घरी आल्या. मी गच्चीत उन्हाला बसून मटार सोलत होतो. माझ्याशी एक शब्द न बोलता त्यांनी बायकोपुढे मोबाइल धरला. त्यात एका गोऱ्यागोमट्या तरुणाचा फोटो होता.

"दीदी, हमारी बहन का लड़का है, कानपुर में इंजीनियर. आपके यहाँ मराठी ही चाहिए, यही सोचकर हम चुप थे. पर भाईसाहब जब टेक्सास तक जा रहे हैं, तो इसमें क्या कमी है? घुटने दोनों सही हैं. आज तक कहीं से भागा नहीं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

"और सत्रह साल का लड़का!" भाभीजींचा आवाज चढला. "भाईसाहब, जेल हो जाएगी."

मला हसू फुटलं, पण ते लगेच विझलं. भाभीजींची मुलगी आमच्या लेकीची शाळेपासूनची मैत्रीण. ही बातमी तिला आधीच पोचली होती, आणि तिनं ती लगोलग अमेरिकेला पोचवली होती. बाबांनी तुझ्यासाठी मुलगा पक्का केला, गुडघा मोडका आहे, दोन लग्नं मोडलीत आणि पळून जायची सवय आहे.

मी घाईघाईनं लेकीला मेसेज केला की तो मुलगा क्वार्टरबॅक आहे. पाठवल्यावर माझं मलाच कळलं की हे किती खोटं वाटतंय. उत्तर आलं नाही. रविवारी फोनही आला नाही. मॅच आम्ही जिंकलो होतो आणि सांगायला कुणी नव्हतं. मी फोन समोर ठेवून बसून राहिलो. भीती वाटत होती. पहिल्या वेळी ती परत बोलायला लागली, या वेळी लागेलच असं नव्हतं.

शेवटी मी भाभीजींनाच गच्चीत बोलावून शरण गेलो. मटाराची शेंग हातात घेतली, ती बॉल म्हणून फेकून दाखवली आणि क्वार्टरबॅक म्हणजे काय हे त्यांना हिंदीत समजावलं. त्यांनी शंका पुष्कळ विचारल्या. लेन-देन काय ठरलंय हेही विचारलं. सगळं पटल्यावर त्या म्हणाल्या, "ठीक है, हमारी बिटिया से कहलवा देंगे. पर भाईसाहब, बच्चे को माँ के पास रहने दीजिए."

मला त्या अवस्थेतही राग आला. "माँ का इसमें क्या काम? बच्चे का करियर है!"

"अच्छा?" भाभीजी शेंगा सोलत शांतपणे म्हणाल्या. "बिटिया को एयरपोर्ट छोड़कर आए थे, तो गाड़ी से उतर क्यों नहीं रहे थे? हम छत पर थे. अँधेरा होने तक आप उसी में बैठे रहे."

बायको समोरच बसली होती. गाडीत काहीतरी बिघाड झाला होता, असं मी तेव्हा तिला सांगितलं होतं. तिनं पुढ्यातले मटार माझ्याकडे सरकवले. लेक गेली ती माझ्याच आग्रहानं. इथंच एखादी नोकरी बघते म्हणत होती, मीच ऐकलं नव्हतं. आणि घर खायला उठतं हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अभ्यास टाकून परत आली असती, अशी माझी समजूत.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. रविवार नव्हता, म्हणून मी दचकलोच.

"बाबा, वो गया," लेक म्हणाली. नमस्कार नाही, भांडण नाही. "साइन कर दिया उसने. अपने घर के पास वाली यूनिवर्सिटी में."

म्हणजे टेक्सासचं पोर आमच्या हातून गेलं होतं. पण लेक बोलतेय एवढ्यावरच मी अडकलो होतो.

"तुला ते... भाभीजींच्या मुलीनं सांगितलं ना सगळं?"

"हाँ, बताया. इतना हँसी हूँ मैं. पर आप सुनिए तो, कारण क्या दिया है उसने. बोला, माँ हर मैच में आ सकेगी. आप तो रोज गाली देते थे उसकी माँ को. अब क्या कहेंगे?"

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो. "पोर जवळ असावं असं वाटतंच गं. मलाही वाटतं. रोज वाटतं." एवढं बोलेपर्यंत आवाज साफ फुटला, आणि मी तोंडावर मफलर दाबला.

फोन कटला की काय म्हणून मी स्क्रीनकडे पाहिलं.

"बाबा, आप रो रहे हैं?"

"छे! क्वार्टरबॅक गेला ना आपला."

"हाँ," ती नाक ओढत म्हणाली. "मैं भी उसी के लिए रो रही हूँ."