गावचा जावई

काशिनाथ सावे आयुष्यात एकदाच हुतूतूच्या मैदानात उतरले होते. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पहिल्याच चढाईत समोरच्या गड्याने नुसता हात पुढे केला, आणि काशिनाथरावांनी घाबरून दम सोडला. त्यानंतर पस्तीस वर्षं ते आमच्या गावातल्या पोरांना दम कसा धरावा हे शिकवीत आले.

शिकवायला वेळ भरपूर होता. केळीची आणि पानवेलीची वाडी वडिलांनी लावून ठेवलेली. शिंपण गडी करायचे, गड्यांवर लक्ष त्यांची बायको लीलाबाई ठेवायची, पानांच्या करंड्याही तीच बांधून घ्यायची. काशिनाथराव जेवून झोपायचे आणि चार वाजता ओटीवर येऊन बसायचे. गावच्या संघाचा सराव त्यांच्या पडीक तुकड्यात चाले, एवढ्या जोरावर संघात कोणाला घ्यायचं हे ते ठरवीत. खेळणाऱ्या पोरांना कोणी विचारत नसे.

निवडीला आणखी दोघे असत. गुरुदत्त मास्तर शाळेत व्यायामाचा तास खुर्चीत बसून घेत. ॲन्सेल्म पलीकडच्या आळीतला, फुलांचा बागायतदार. दुसरा जे बोलेल त्याच्या उलट बोलायचं, एवढंच त्याला खेळातलं कळे.

"खालच्या आळीतला वामन घ्या," मास्तर म्हणायचे. "मांड्या पाहिल्यात त्याच्या?"

"मांड्या घेऊन काय करायचंय? राहाटाला जुंपणार आहेस का?" ॲन्सेल्म.

"त्याची आई दमेकरी आहे," काशिनाथराव डोळे मिटून सांगायचे. "दम रक्तात असावा लागतो."

"मग तुझ्या आईला कुठे रे दमा होता, काशिनाथ?"

मास्तर हसू दाबायला चष्मा पुसायला लागत. आतून चहा येई. वामन तिकडे संध्याकाळपर्यंत केळीचे लोंगर वाहत असे. आईच्या दम्यावरून ओटीवर आपला निकाल लागला आहे, हे त्याच्या गावीही नसे.

बावन्न साली मात्र त्यांना खरोखरीचा गडी दिसला. बोळिंजचा शरदचंद्र. आदल्या वर्षी त्याने आमचे पाच गडी एका दमात मारले होते. शिवाय बोळिंजच्या कप्तानाशी त्याचं वाजल्याची बातमी होती. तीन दुपारी ओटीवर दुसरा विषय नव्हता. अडचण एकच होती. तालुक्याच्या सामन्यांचा नियम असा, की गडी एकतर गावात राहणारा हवा, नाहीतर गावचा जावई.

"मग जावई करू या," मास्तर म्हणाले.

"तुझ्या पोरी अजून पाटीवर रेघोट्या मारतात. माझ्या पोरींना आमच्या देवळात पाद्र्यापुढे लग्न लावावं लागतं, ते तुमच्या शरदचंद्राला चालायचं नाही," ॲन्सेल्म म्हणाला.

काशिनाथरावांनी थोडा विचार केला. माळ्यावर एखादी जुनी घागर पडून असल्याचं आठवावं, तसे ते म्हणाले, "आमची प्रमोदिनी आहे की!"

त्यांची ही थोरली मुलगी अठरा वर्षांची होती. फायनलच्या परीक्षेत तालुक्यात दुसरी आली होती. मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती आणि जूनमध्ये हजर व्हा म्हणून पत्र आलं होतं. ते पत्र तिने इतक्यांदा उघडलं होतं, की घडीवर फाटायला आलं होतं. लीलाबाईंनी तिला कॉलेजात नेसायला चार पांढरी लुगडीही आणून ठेवली होती.

चहा घेऊन बाहेर आलेल्या लीलाबाईंनी विचारलं, "मुलगा करतो काय?"

"डाव्या अंगाने चढतो," काशिनाथराव म्हणाले.

"पोटापाण्याचं विचारतेय मी."

"वाडी आहे. माड आहेत. घोटे बघ त्याचे एकदा! असे घोटे तालुक्यात नाहीत."

त्या दिवशी घोट्यांवर, दमावर आणि डाव्या हातावर तासभर चर्चा झाली. त्याचा स्वभाव कसा, शिक्षण किती, घरात सासू कशी, हे कोणाच्या तोंडून आलं नाही. प्रमोदिनी दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. माणसं उठून गेल्यावर ती म्हणाली, "तात्या, मला जूनमध्ये जायचंय."

"जा ना. पुढच्या जूनमध्ये जा. कॉलेज काय पळून जातंय? सामने वैशाखात आहेत, ते थांबणार आहेत का?"

फाल्गुनात लग्न झालं. संघातल्या सगळ्या पोरांना पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

वैशाखात सामन्याच्या दिवशी बोळिंजकरांनी हरकत घेतली. हे लग्न खोटं आहे, फक्त सामन्यापुरतं आहे, असं त्यांचं म्हणणं. काशिनाथरावांनी लग्नपत्रिका दाखवली. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांनी बायकांत बसलेल्या प्रमोदिनीला बोलावलं आणि पंचांच्या टेबलाशी पुरावा म्हणून उभं केलं.

पंच बिचारा भला माणूस होता. "बाई, यजमानांचं नाव सांगा म्हणजे झालं," तो म्हणाला.

झालं! मैदानाभोवतीची हजारभर माणसं ओरडायला लागली, "उखाणा! उखाणा!" आमच्या गावचे ओरडत होते, बोळिंजचेही ओरडत होते, तेवढ्यापुरतं भांडण मिटलं होतं. ॲन्सेल्म शिट्ट्या मारत होता. "घे की गं, लाजतेस काय!" काशिनाथराव म्हणाले. त्यांना वाटत होतं, मुलगी लाजते आहे.

प्रमोदिनीने पदर खांद्यावर नीट घेतला. "शरदचंद्र," ती म्हणाली. पुढे मागे काही नाही. गावातल्या कोणत्याही बाईने नवऱ्याचं नाव असं चारचौघांत, हजेरी घेतल्यासारखं, घेतलेलं नव्हतं. पंचाने वहीत नाव लिहून घेतलं. ती परत बायकांत जाऊन बसली.

पहिल्या डावात शरदचंद्राने सहा गडी मारले. काशिनाथराव शेजारच्या प्रत्येकाला "आमचे जावई" म्हणून सांगत होते. दुसऱ्या डावात तिघांनी त्याला पकडलं, तो वेडावाकडा पडला आणि त्याचा गुडघा गेला. सामनाही गेला. परतताना बैलगाडीत शरदचंद्र कण्हत पडला होता, प्रमोदिनी त्याचा पाय मांडीवर धरून बसली होती, आणि पुढे तिचे वडील मास्तरांना सांगत होते, "गुडघा मुळातच कच्चा होता. मला शंका होतीच."

त्या जूनमध्ये प्रमोदिनी बोळिंजला सासरच्या वाडीत पाणी फिरवत होती. नवऱ्याला माडावर चढता येत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असायलाही थोडं काही अंगात लागतं. खेळ होता तोवर तो शरदचंद्र होता, खेळ गेल्यावर पडवीत पाय लांब करून बसणारा एक गृहस्थ उरला.

माघात ती माहेरी आली, तेव्हा ओटीवर नव्या संघाची निवड चालू होती.

"शरदचंद्राला काढा," काशिनाथराव म्हणत होते. "बोळिंजचा माणूस तो, आपला कधी नव्हताच. गोखिवऱ्याचा एक पोरगा आपल्या गावात मामाकडे राहायला आलाय म्हणतात."

"गोखिवऱ्याच्या पोरांना पाय असतात, डोकं नसतं," ॲन्सेल्म म्हणाला.

प्रमोदिनी बाहेर आली. "तात्या, त्यांना काढलंत ना संघातून? मग माझं काम संपलं. या जूनमध्ये मी ट्रेनिंगला जाते."

काशिनाथराव गोंधळले. "आता मी कोण सांगणार? लग्न झालेली मुलगी तू. जावयांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना विचार."

काशिनाथराव पुन्हा मास्तरांकडे वळले. "बघू. सामने होऊन जाऊ देत."

लीलाबाईंनी सामने होण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी त्याच आठवड्यात मुलीकडून नवा अर्ज लिहून घेतला आणि स्वतः पोस्टात टाकला. मग बोळिंजला जाऊन जावयाला समोर बसवलं आणि सांगितलं, की बायको मास्तरीण झाली तर माडावर चढण्याचा प्रश्न कायमचा सुटेल. ते जावयाला लगेच पटलं. त्याने आयुष्यात घेतलेला हा सर्वांत जलद निर्णय असावा. त्याच्या आईचं तोंड फुगलं, पण ती मुलाच्या गुडघ्याकडे बघून गप्प बसली.

जूनमध्ये जायचं ते प्रमोदिनी माहेरूनच गेली. टांगा रस्त्यावर उभा होता. ट्रंक जड होती. एक कडी आईने धरली, दुसरी मुलीने. दोघी ट्रंक घेऊन ओटीवर आल्या तेव्हा तिघांचं रंगात आलं होतं. गोखिवऱ्याच्या पोराने सामन्यात दगा दिला होता आणि त्याला निवडलं कोणी, यावर वाद चालला होता.

"मी आधीच म्हटलं होतं!" ॲन्सेल्म ओरडत होता.

"तू? तू तर म्हणालास, त्याला कप्तान करा!" काशिनाथराव म्हणाले.

ट्रंक त्यांच्यासमोर येऊन थांबली. वाट अरुंद होती. काशिनाथरावांनी बोलणं न थांबवता दोन्ही पाय वर उचलले, ट्रंक खालून सरकली, आणि त्यांनी पाय पुन्हा खाली ठेवले.

"आता तळ्याकाठचा तो नवा पोरगा घ्या," ते मास्तरांना म्हणाले. "त्याचा दम मी स्वतः बघितलाय."