यंदाही नंबर लागला नाही

माझ्या मेथीच्या वाफ्यात हरीण शिरलंय आणि कुंपणापलीकडे शेजारचा डग कॉफीचा मग धरून त्याच्याकडे नुसता बघत उभा आहे. हा माणूस शिकारी आहे. घरात बंदूक आहे, खिशात परवाना आहे. "अरे, मग मार की एखादं," मी वैतागून म्हटलं, तर तो दुखावल्यासारखा म्हणाला, "सांगितलं ना, यंदाही माझा नंबर लागला नाही."

अमेरिकेतल्या आमच्या नेवाडा राज्यात गावाच्या हद्दीत गोळी चालवता येत नाही, आणि डोंगरात हरीण मारायचं तर नुसत्या परवान्यावर भागत नाही. हंगाम असावा लागतो, शिवाय सोडतीत नाव निघावं लागतं. डग दरवर्षी अर्ज करतो आणि निकालानंतर ठरलेलं लग्न मोडल्यासारखं तोंड करून हिंडतो. मला मात्र दरवर्षी त्याची समजूत काढावी लागते.

तिकडे भारतात गॅसच्या सिलिंडरपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत नंबर लावण्यात आमचं आयुष्य गेलं. इथे तर मरणाचीही सोडत निघते, आणि ज्याचं मरण आहे त्याला कुणी कळवतसुद्धा नाही. डगचं हे रडगाणं मी परवा साताऱ्याला सासूबाईंना फोनवर ऐकवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "नंबर कुणाचा म्हणतेस गं, त्याचा की हरणाचा?"

डग अजून बघतोच आहे. मेथी संपवून हरणानं मान वळवली. आता कोथिंबिरीचा नंबर लागलाय.