पुसायला सांगणाऱ्या शैलाबाई

शैलाबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी वडूजच्या स्टँडवर आटपाडीच्या गाडीची वाट बघत होते. शाळेतून फोन आला. गाडी लागली, सुटली, मी तिथंच बसून राहिले... महिना होऊन गेला, तरी शेजारच्या वर्गातून त्यांचा आवाज येईल असं अजून वाटतं.

मी मराठी शिकवते, त्या विज्ञान शिकवायच्या. मोबाईलवर बघितलेला व्हिडिओ राहतो कुठं, हा त्यांचा लाडका प्रश्न. मुलं आभाळाकडे बोट दाखवायची. मग बाई सांगायच्या, की कुठल्यातरी शहरात मोठाल्या इमारतींत यंत्रं सारखी चालू असतात, तापतात, त्यांना गार ठेवायला वीज लागते, पाणीही लागतं. टँकरची वाट बघत वाढलेली आमची पोरं पाणी म्हटलं की सरसावून बसायची. फोनमधलं नको ते पुसून टाकत जा, तेवढाच त्या यंत्रांवरचा भार कमी, असं बाई सांगत.

आठवीतल्या सारिकानं ते मनावर घेतलं आणि आईचा फोन साफ केला. तिचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आदल्या वर्षी तिकडंच आजारानं गेले. त्यांनी बोलून धाडलेले निरोप आई रोज ऐकायची. तेही पुसले गेले. कळल्याबरोबर बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. आई चिडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, पाणी वाचलं आसंल. पर मानसाचा आवाज गेला न्हवं."

बाई उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, "पोरीला बोलू नका. चुकलं माझं."

सारिकाच्या चुलत्यालाही भावाचे निरोप यायचे, पण त्याचा तो फोन बंद पडून फळीवर पडला होता. बाईंनी तो सांगलीला नेऊन दुरुस्त करून आणला. थोडेच निरोप निघाले. एकात सारिकाचे वडील लेकीच्या शाळेची चौकशी करत होते... आईनं फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं सारिकाला जवळ ओढलं.

त्यानंतर बाईंचं शिकवणं बदललं. नवा फोन घडवायलाच सगळ्यात जास्त खाणीतली माती, पाणी, वीज खर्ची पडते, तेव्हा आहे तो जपा, असं त्या सांगू लागल्या. शुक्रवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बंद फोन उघडून मुलांसोबत बसायच्या.

आता तिथं मी बसते. मला स्क्रूही धड सुटत नाही, मुलंच शिकवतात. परवा नववीतली एक मुलगी वारलेल्या आजोबांचा फोन घेऊन आली. दुरुस्त झाला, आता कुणाला तरी वापरायला द्यायचा होता. आतलं सगळं पुसून टाक, मी म्हटलं. तिनं हात मागं घेतला.

"थांबा बाई. आदी आजीला इचारून येती."