काउंटीच्या कोर्टावरची देवी

गेल्या महिन्यात सिंगापूरला, माझ्या सेंगकांगच्या घरी आईची बॅग भरत होते. दुसऱ्या दिवशी ॲडमिट, त्यानंतर बायपास... आणि आई पलंगावर बसल्या बसल्या एकदम म्हणाली, "माझी एक ओटी राहिलीय गं."

कसली ओटी, कुणाची ओटी! मी आधीच टेन्शनमध्ये, आणि हिचं भलतंच. "अमेरिकेतल्या देवीची," ती म्हणाली, आणि मी कपाळाला हात लावला.

सांगते. माझा धाकटा भाऊ नितीन अमेरिकेत एका अगदी खेडेगावासारख्या काउंटीत राहतो, तिथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्या बायकोच्या, प्राजक्ताच्या, बाळंतपणासाठी आई काही वर्षांपूर्वी तिकडे गेली होती.

सुट्टीच्या दिवशी नितीन तिला जुन्या वास्तू दाखवायला न्यायचा. छप्पर घातलेला लाकडी पूल, बंद पडलेली दगडी गिरणी, एका खोलीची शाळा... प्रत्येकीपुढे माहितीची पाटी, आणि आई प्रत्येक पाटी त्याच्याकडून अर्थासकट वाचून घ्यायची. सगळं बघून झाल्यावर तिने विचारलं, "आणि इथली ग्रामदेवता कुठली रे?"

नितीनने चेष्टेत चौकातल्या जुन्या कोर्टाकडे बोट दाखवलं. घुमटावर हातात तराजू घेतलेली बाई उभी. झालं! आईने भर चौकात बूट काढून हात जोडले.

पुढे नात ईरा दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिली. घरात कुणाला घास गिळवेना. तेव्हा आईने त्या देवीला नवस केला... पोर घरी येऊ दे, माझ्या सुनेच्या हातून तुझी ओटी भरीन.

ईरा घरी आली, छान बाळसंही धरलं. पण नितीनने ओटी काही भरू दिली नाही. "आई, ते कोर्ट आहे! लोक बघतील, पोलिसांना बोलावतील," म्हणून तो चिडला, आईही त्याला बोलली, आणि पुढे ती माझ्याकडे सिंगापूरला आली ती हा विषय मनात ठेवूनच.

आता ऑपरेशनच्या तोंडावर तिला तेच खुपत होतं. मरणाची भीती नव्हती असं नाही... पण देवीला दिलेला शब्द न पाळता जायची भीती जास्त होती. "तेवढं केल्याशिवाय मला आत नेऊ नका," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी नितीनला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, इथे आमचं एकच इंडियन घर आहे गं. तुला नाही कळणार." मला असा संताप आला... आई तुझीही आहे ना, म्हटलं, आणि फोन ठेवून दिला. त्याचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. इथे सेरंगूनच्या इंडियन वस्तीत नऊवारी नेसून फिरलं तरी कुणी वळून बघत नाही, तिथे तसं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डमध्ये भेटायची वेळ संपत आली होती. नर्स "आंटी, फाइव्ह मिनिट्स मोअर, लाह" असं इथल्या सिंगापुरी ढंगात सांगून गेली, आणि तेवढ्यात नितीनचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. कोर्टाच्या पायऱ्यांवर प्राजक्ता... साडीवर जाडजूड कोट, हातात ताम्हन, आणि शेजारी ईरा उड्या मारतेय.

आईने अंगावरची चादरच पदरासारखी डोक्यावरून घेतली. पण देवी एवढ्या उंच, ओटी भरायची कशी? खालीच पायरीवर ठेवू, असं दोघांचं चाललं होतं, तोच आतून एक वयस्कर बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आली.

नितीनचा चेहरा खर्रकन उतरला. अडखळत तिला सांगायला लागला... मदर, सर्जरी टुमारो, प्रॉमिस. बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, वरची नवी आहे, जुनी खरी आत आहे. वादळात घुमटावरून खाली पडली, गावाने दुरुस्त करून आत ठेवलीय, या. आणि तिने दार उघडून धरलं.

नितीनने फोन मूर्तीसमोर धरला. तराजूचा हात खांद्यापासून गेलेला. छातीपासून पोटापर्यंत लांबलचक चीर, पत्र्याच्या पट्ट्या मारून सांधलेली... आणि आपल्यात भंगलेली मूर्ती पुजत नाहीत. देव्हाऱ्यातल्या देवाचा टवका उडाला तरी विसर्जन करणारी माझी आई!

प्राजक्ता ताम्हन धरून उभी, "आई, काय करू?" मी म्हणणारच होते की राहू दे...

"भर गं," आई म्हणाली. "उद्या मलाही चिरणारच आहेत. शिवून झाल्यावर मला काय घरात घेणार नाही का तुम्ही?"

प्राजक्ताने हळदकुंकू वाहिलं. खण, नारळ, तांदूळ पायाशी ठेवले. नितीनने फोन त्या बाईच्या हातात दिला आणि त्या कोर्टाच्या फरशीवर डोकं टेकलं. त्याचे हुंदके आम्हाला इकडे ऐकू येत होते. नर्स आली होती, पण दाराशीच थांबली.

ऑपरेशन नीट पार पडलं. आई आता घरी आहे, हळूहळू चालतेय, माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवतेय. तिच्या छातीवर टाक्यांची लांब रेघ आहे... रोज सकाळी मी तिथे औषध लावते आणि तिच्या पाया पडून ऑफिसला निघते. इतकी वर्षं दसरा-पाडवा सोडला तर कधी पडले नव्हते.