आधी आतलं, मग बाहेरचं

विश्राममास्तर गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी आला तो राग. मास्तरांचाच! आदल्या रविवारी कोरगावला त्यांच्या पडवीत बसून आम्ही वाद घातला होता, तो अर्धाच राहिला होता. असं मधेच उठून जातात काय...

आम्ही दोघे दिचोलीच्या एकाच शाळेत शिक्षक. निवृत्तीनंतर मी नार्व्याच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत रमलो, आणि मास्तर पेडण्यातली गावं पालथी घालत म्हाताऱ्या बायकांकडून धालोची, बायका रात्री मांडावर फेर धरून म्हणतात ती गाणी रेकॉर्ड करू लागले. गाता गाता बायका सासरच्यांची उणीदुणी नावानिशी काढत. "मास्तरांनु, ह्या भायर जाव दिव नकात हां," असं बजावत. म्हणून मास्तरांनी आपल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर गाण्यांचं अख्खं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो कप्पाच, एन्क्रिप्ट करून कुलूपबंद केला. पासवर्ड दोघांनाच ठाऊक, त्यांना आणि मला.

एकदा ते पार्टिशन लहान करून त्यांना दुसऱ्या कामाला जागा काढायची होती. मला शेजारी बसवलं आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तशी एकेक पायरी मोठ्याने म्हणू लागले. माझा होकार आल्याशिवाय एंटर दाबायचं नाही, हा त्यांचा नियम. "बॅकअप घेतला?" "व्हय म्हाराजा." "कुलपाच्या हेडरची, किल्लीच्या माहितीची प्रत वेगळी ठेवली?" "व्हय म्हाराजा." "पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून, कुलूप उघडून फाइल सिस्टीम तपासली?" "व्हय म्हाराजा." "तर मग आधी पार्टिशन कापूया?" "व्हय म्हाराजा!" मास्तर ताडकन उठले. "गाढवा, पोतं आखूड करायचं तर आधी भात काढशील की पोतं कापशील? आधी आतली फाइल सिस्टीम लहान, मग कुलपाचा थर, शेवटी बाहेरचं पार्टिशन. वाढवताना उलट. ऐकून हो म्हण!"

आणि मी काय शिकलो? डोंबल! बाराव्यानंतर मास्तरांच्या जावयाला त्या लॅपटॉपवर विंडोज हवं झालं. त्याने तो बाजारातल्या कुठल्याशा दुकानात नेला आणि तिथून मला फोन केला. मी बँकेच्या रांगेत. "काका, हा बाहेरून थोडं पार्टिशन कापतो म्हणतोय. चालेल ना?" मी म्हणालो, "व्हय, व्हय." ऐकलंच नव्हतं मी! दुकानदाराने कापलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत विंडोज बसवलं. वर बॅकअपची डिस्क लावली. तीही कुलूपबंद, विंडोजला वाचता येईना, म्हणून फॉरमॅट करू का असं विंडोजने विचारलं, आणि ह्या शहाण्या जावयाने तिथेही होय दाबलं. मी जाऊन तणतणलो तर म्हणतो कसा, "रिकामीच दिसत होती ना!" रिकामी? दार बंद दिसलं म्हणजे घर रिकामं काय रे? त्या बायकांनी विश्वासाने दिलेले आवाज होते आत! जावई खाली मान घालून उभा. पण त्याला तरी किती बोलणार, होकार माझाच होता.

पासवर्ड घालून वाचेल तेवढं मी वाचवलं. कोरगावच्या आनंदीआजीचं गाणं त्यात नव्हतं. ते लांबलचक गाणं आता तिच्याशिवाय कुणालाच येत नाही. शरमेने मान वर होत नव्हती, तरी परवा तिच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. मास्तर गेल्याचं तिला ठाऊक होतं, त्या दिवशी रडलीही होती. गाण्याचं ऐकून मात्र ती हसली. "गेला तर गेला. परत म्हणतंय, घे." मी मोबाइल पुढे धरला. चार कडवी तिने खणखणीत म्हटली. मग थांबली... ओठ हलले, शब्द येईना. बोटांनी मांडीवर ताल धरून पाहिला, पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडली.

"फुडचा माका आठवना," ती म्हणाली, आणि मास्तर गेलेत हेही विसरल्यासारखी सहज पुढे बोलली. "मास्तरांकडे आसा. तेंका विचार."