न बांधलेला धागा

“मेंदूत गेलाय,” असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा काय गेले आहे हेच मला आधी कळले नाही. त्यांच्या हातात बाबांच्या रक्ततपासणीचा कागद होता. सेरेब्रल मलेरिया. म्हणजे नेहमीचा हिवताप नव्हे. याचे जंतू मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस बेशुद्ध होतो. “दोन दिवस काही सांगता येणार नाही,” ते म्हणाले.

बाबा चामोर्शीला शिक्षक होते. जंगलातल्या एका गावी मुक्काम करून आले आणि त्यांना थंडी वाजून ताप भरला. आम्ही चार दिवस गोळ्या दिल्या, रक्त तपासले नाही. ती चूक तुम्ही करू नका. पाचव्या दिवशी ते मला ओळखेनात. गडचिरोली जिल्हा नवा झाला होता, पण असा आजारी माणूस अजून चंद्रपूरलाच न्यायचा. जीपमध्ये त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते आणि ते तव्यासारखे भाजत होते.

क्विनीनचे सलाइन सुरू झाले. दुपारी आत्या आली, बाबांची थोरली बहीण. छप्पन साली आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. बाबांनी पुढे मला देव का नाही ते गणितासारखे शिकवले. आत्या मात्र गावच्या शिवेवरच्या मातामायला चोरून हळदकुंकू वाहायची. “तुह्या देवीले म्हन, एखादं पोस्टकार्ड तरी टाक,” असे बाबा तिला चिडवायचे.

बेशुद्धीत ते “माय, माय” म्हणत होते.

“आयकलं? मातामायले बोलावून राह्यला,” आत्या म्हणाली.

ते आजीला हाक मारत असतील, असे मला वाटले.

आत्याने पदराच्या गाठीतून लाल धागा काढला. “बांधू दे, पोरी. देवी असन तं वाचवन. नसन तं धाग्यानं काय नुकसान हाय?”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. वाद मला इंग्रजीत सुचायचे, तेही घरी पोचल्यावर. कसेबसे म्हटले, “नको, आत्या. शुद्धीवर असते तर त्यांनी हात ओढून घेतला असता.”

“शुद्धीवर असता तं मी रडली कायले असती वो?”

तिने धागा मुठीत धरून ठेवला. तासाभरात बाबांना झटका आला. दात आवळले गेले, लोखंडी पलंग खडखडू लागला. आत्याने माझ्याकडे फक्त पाहिले. काही बोलली असती तर बरे झाले असते.

मी देवी मानत नव्हते, पण तिच्या रागाला भीत होते. जी नाहीच, तिचा राग कुठून येणार, असे मनाला विचारत होते आणि आत्याच्या मुठीकडे बघत होते.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले. “हायपोग्लायसेमिया,” ते म्हणाले. म्हणजे रक्तातली साखर एकदम उतरणे. “क्विनीननेही होते असे.” झटका थांबला.

बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा ध्यानात आले: आधी धागा बांधला असता, तर झटका थांबल्याचे श्रेय मी जन्मभर त्यालाच दिले असते. तो न बांधल्यामुळे झटका आला, हेही तितकेच पोकळ होते. हे सगळे मला स्वच्छ दिसत होते. भीती तरीही जात नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडून पाणी मागितले. आठवड्याने, ते उशीला टेकून बसू लागल्यावर, मी त्यांना धाग्याचे सांगितले. शाबासकी मिळेल असे वाटले होते.

त्यांनी विचारले, “तू नाई म्हटलं, ते तुले पटलं म्हनून, का माह्या भेवानं?”

“तुमच्या भीतीने,” मी म्हणाले.

ते हसले आणि त्यांना खोकला लागला. “मंग ते माह्यं नाई माननं झालं. तुह्यं तू शोध.”

त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. आत्याचेही आहेत, माझ्यावर रुसूनसुद्धा ती आठ दिवस बाबांचे पाय चोळत बसली होती. देवाबद्दल मला अजून ठरवता आलेले नाही. पण कोणी विचारले तर “आम्ही मानत नाही,” असे मी आता म्हणत नाही. “मी” म्हणून वाक्य सुरू करते, आणि तिथेच अडते.